पूलमधले सातत्य स्ट्रोकच्या आधीच ठरते

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा : इंदूरच्या विजय नगर भागातील पार्लरमध्ये तुम्ही दोन वर्षांपासून एट-बॉल, म्हणजे क्यूने (काठीने) टेबलावरचे बॉल पॉकेटमध्ये पाडण्याच्या पूल या खेळाचा एक प्रकार, खेळत आहात, एखाद्या दिवशी ओळीने पाच-सहा बॉल पॉट होतात (पॉकेटमध्ये पडतात) आणि दुसऱ्याच दिवशी समोरचा सरळ बॉलही पॉकेटच्या जबड्यावर आपटून परत येतो. यावर उपाय म्हणून स्वतःचा महागडा क्यू घ्यावा, नेम धरण्याची एखादी नवी पद्धत शिकावी, की सरावाचे तास वाढवावेत, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे आहे की यांपैकी कोणतीही गोष्ट आज करू नये. ज्याला चांगल्या दिवशी पाच बॉल पॉट करता येतात त्याची नजर आणि नेम पुरेसे चांगले आहेत; त्याच्या खेळात रोज बदलते ती क्यू बॉलपर्यंत (क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलपर्यंत) पोहोचण्याची रीत, म्हणजे पाय कोठे पडतात, डोके कोठे येते, ब्रिज (क्यूला आधार देणारा पुढचा हात) किती लांब पडतो आणि क्यू किती सरळ जातो. या गोष्टी स्थिर झाल्या नाहीत तर वाढवलेल्या तासांत वेगवेगळ्या चुकाच पक्क्या होत जातात.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो, हे थोडा हिशेब मांडला की कळेल. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो आणि स्पर्धेच्या नऊ फुटी टेबलावर कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड साधारण ११४ ते ११७ मिलिमीटर असते. ऑब्जेक्ट बॉल, म्हणजे पॉट करायचा बॉल, पॉकेटपासून एक मीटरवर आणि क्यू बॉल त्याच्यामागे एक मीटरवर, तिन्ही एका रेषेत आहेत असे धरा. बॉल कडेला न लागता आत जायचा असेल तर त्याला पॉकेटपाशी दोन्ही बाजूंना सुमारे २८ मिलिमीटर सूट मिळते. ही सूट मागे मोजत आणली तर क्यू बॉल ऑब्जेक्ट बॉलवर आदळताना त्याचे केंद्र आपल्या रेषेपासून जेमतेम दीड मिलिमीटर सरकलेले चालते. ब्रिजपासून टिपपर्यंत (क्यूच्या बॉलला लागणाऱ्या टोकापर्यंत) पंचवीस सेंटिमीटर क्यू बाहेर असेल, तर टिपपाशी ही सूट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी उरते. क्यू बॉल आणखी एक मीटर मागे गेला तर तीही निम्मी होते. हा ढोबळ हिशेब आहे आणि पॉकेटचे जबडे काही चुका पोटात घेतात, तरी मुद्दा स्पष्ट आहे. अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न डोळ्यांनी नेम अधिक बारीक करून सुटत नाही. तो शरीराची मांडणी दरवेळी तीच ठेवून, क्यूला वाकडे जायला वावच न ठेवता सुटतो.

म्हणून सुरुवात पायांपासून करावी. बहुतेक खेळाडू टेबलाशी येतात, खाली वाकतात आणि मग क्यू इकडेतिकडे हलवून नेम धरतात. सर्व गोंधळाचे मूळ येथे आहे. शॉटची रेषा उभे असतानाच, क्यू बॉलच्या मागे दोन पावलांवर थांबून ठरवायची असते, कारण तेथून टेबलाची भूमिती जशी दिसते तशी वाकल्यावर दिसत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवे पाऊल त्या रेषेवर ठेवावे, डावे पाऊल खांद्याइतक्या अंतरावर थोडे पुढे आणि डावीकडे पडू द्यावे, आणि मग कमरेतून सरळ त्या रेषेवर खाली यावे. खाली आल्यावर नेम चुकीचा वाटला तर क्यू सरकवून दुरुस्ती करू नये. उभे राहून पुन्हा सुरुवात करावी. सुरुवातीला याचा कंटाळा येतो आणि समोरचा खेळाडू घाई करतो, परंतु ही एकच सवय महिनाभर निष्ठेने पाळली तरी खेळातील चढउतार बराच कमी झालेला मी अनेक शिकाऊ खेळाडूंमध्ये पाहिला आहे.

डोक्याच्या जागेबद्दल मात्र सर्वांना एकच नियम लावता येत नाही. प्रत्येकाचा एक डोळा अधिक प्रभावी असतो. काहींच्या बाबतीत तो जवळजवळ पूर्ण वरचढ असतो, तर काहींना दोन्ही डोळ्यांच्या मधोमध क्यू ठेवला की रेषा खरी दिसते. क्यू हनुवटीच्या मध्याखालीच असला पाहिजे, असा आग्रह त्यामुळे मी धरत नाही. एक सरळ शॉट मांडावा, खाली वाकावे आणि डोके अगदी किंचित डावीउजवीकडे सरकवत ज्या जागी क्यू, क्यू बॉल आणि ऑब्जेक्ट बॉल खरोखर एका रेषेत दिसतात ती जागा शोधावी. मग तेथूनच वारंवार खेळून ती खरी आहे का ते पडताळावे. हनुवटी किती खाली न्यायची हे उंची आणि पाठ यांवर अवलंबून आहे. पाठदुखी असलेल्या माणसाने दुसऱ्याचे पाहून क्यूला हनुवटी टेकवण्याचा अट्टाहास केला, तर दुखऱ्या पाठीने तो स्थिर राहूच शकणार नाही.

ब्रिजचा हात घट्ट आणि मागचा हात सैल, हा क्रम बहुधा उलटा झालेला दिसतो. ब्रिजच्या तळहाताची टाच आणि बोटांची टोके कापडावर नीट रोवलेली असावीत, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या खाचेतून क्यू सरकावा. तर्जनीचे कडे करून धरलेला बंद ब्रिज ब्रेकसाठी (डावाच्या पहिल्या फटक्यासाठी) आणि जोरदार स्क्रूसाठी (क्यू बॉल मागे आणणाऱ्या उलट्या फिरकीसाठी) उपयोगी पडतो, परंतु रोजच्या शॉटसाठी उघड्या ब्रिजमधून रेषा अधिक स्वच्छ दिसते. ब्रिजपासून बॉलपर्यंत वीस ते पंचवीस सेंटिमीटर अंतर पुरते. त्याहून लांब ब्रिज ठेवला की वर सांगितलेली अर्ध्या मिलिमीटरची चूक मोठी व्हायला मोकळी जागा मिळते. हळुवार, जवळच्या शॉटसाठी तर ब्रिज आणखी आखूड करावा. मागच्या हाताची पकड क्यू निसटणार नाही इतपतच हवी, आणि टिप बॉलला लागते त्या क्षणी कोपरापासून खालचा हात जवळपास उभा, जमिनीशी काटकोनात असावा. मनगट घट्ट आवळले की क्यू शेवटच्या क्षणी आतल्या बाजूला वळतो. समोरासमोरचा बॉल चुकण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते आणि खेळाडू दोष नेमाला देतो.

स्ट्रोकमध्ये, म्हणजे क्यूच्या फटक्यात, मागे जाणे सावकाश असावे आणि मागे गेल्यावर अगदी क्षणभर थांबावे. क्यू घाईने मागे ओढला तर तो घाईनेच पुढे येतो आणि स्नायूंना दिशा सावरायला वेळ मिळत नाही. पुढे येताना वेग हळूहळू वाढत जावा आणि टिप बॉलमधून आरपार पुढे जावी. हळू शॉट खेळताना लांब मागे जाऊन ऐनवेळी ब्रेक लावल्यासारखा क्यू थांबवणे ही फार मोठी चूक आहे. हळू शॉटसाठी मागे जाणेच कमी करावे. शॉट झाल्यावर डोके आणि हात, बॉल पडेपर्यंत किंवा चुकेपर्यंत, तसेच राहू द्यावेत. हे शिष्टाचार म्हणून सांगत नाही. शॉटनंतर तुम्ही उठून उभे राहिलात, तर क्यू कोठे संपला हे कळत नाही, आणि ते कळले नाही तर चूक कोणती झाली हेही कळत नाही.

स्ट्रोक सरळ आहे की नाही हे तपासण्याच्या दोन पद्धती मी सर्वांना देतो. पहिलीत टेबलावर एकटा क्यू बॉल स्पॉटवर ठेवून, त्याच्या बरोबर मध्यावर मारून समोरच्या कुशनकडे (टेबलाच्या रबरी कडेकडे) सरळ पाठवावा आणि क्यू जागचा न हलवता तो परत येऊ द्यावा. स्ट्रोक सरळ असेल तर तो टिपवरच येऊन थडकतो, आणि नकळत साइड (बाजूची फिरकी) लागली असेल तर डावीउजवीकडे सरकून येतो. दुसरीत क्यू बॉलऐवजी पट्ट्याचा बॉल घ्यावा, पट्टा उभा आणि शॉटच्या रेषेत ठेवावा आणि तसाच मारावा. पट्टा स्वच्छ उभा फिरत गेला तर उत्तम. तो डगमगला तर टिप मध्यापासून बाजूला लागली. या तपासणीत फसवणूक होऊ शकत नाही, म्हणून मला ती महागड्या उपकरणांपेक्षा अधिक मोलाची वाटते. रोज खेळायला उभे राहताना पहिली दहा मिनिटे यालाच द्यावीत.

आता या सर्वांना बांधून ठेवणारी गोष्ट, म्हणजे प्रत्येक शॉटपूर्वीचा ठरलेला क्रम. उभे राहून शॉट आणि पुढची पोझिशन (पुढच्या शॉटसाठी क्यू बॉलची जागा) ठरवणे, टिपला चॉक लावणे, रेषेवर पाऊल टाकून वाकणे, दोन किंवा तीन मोजके हलके हेलकावे, टिप बॉलजवळ थांबवून एकदा खात्री, मग मागे, क्षणभर विराम आणि स्ट्रोक. निर्णय सगळे उभे असताना घ्यायचे आणि वाकल्यावर काहीही नवे ठरवायचे नाही. हेलकाव्यांच्या वेळी नजर क्यू बॉल आणि ऑब्जेक्ट बॉल यांच्यात ये-जा करते ते योग्यच आहे, परंतु अखेरच्या क्षणी ती ऑब्जेक्ट बॉलवर, ज्या जागी मारायचे तेथे स्थिर असावी. कुशनला चिकटलेला क्यू बॉल किंवा ब्रेक यांसाठी काही उत्तम खेळाडू शेवटी क्यू बॉलकडे पाहतात. तुम्ही दोन्हींपैकी काहीही निवडा, पण सामन्यात ते बदलू नका. तुमच्या ‘चांगल्या’ दिवशी हा क्रम नकळत पाळला जातो आणि वाईट दिवशी तो मोडतो, इतकाच फरक असण्याची शक्यता फार मोठी आहे.

येथे आपल्या भागाचा एक फायदा सांगितला पाहिजे. स्नूकरचा जन्मच मध्य प्रदेशातला. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये तो खेळ आकाराला आला. इंदूरमध्येही बिलियर्ड्स आणि स्नूकर गांभीर्याने खेळण्याची परंपरा आहे आणि भारताकडून खेळलेली अमी कमानी याच शहराची आहे. त्यामुळे येथील अनेक जुने मार्कर (पार्लरमध्ये टेबल आणि गुण सांभाळणारे) आणि प्रशिक्षक स्नूकरच्या शिस्तीत वाढलेले आहेत. जेथे बारा फुटी टेबल मिळेल तेथे आठवड्यातून एखादा तास जरूर खेळावे. लांब अंतर, लहान बॉल आणि गोलाई असलेले अरुंद पॉकेट हे वाकडा क्यू अजिबात माफ करत नाहीत. पूलच्या रुंद पॉकेटमध्ये जी चूक झाकली जाते ती तेथे लगेच उघडी पडते.

नेमाबद्दल थोडक्यात. ऑब्जेक्ट बॉल पॉकेटकडे जाण्यासाठी आदळताना क्यू बॉल ज्या जागी असायला हवा, त्या जागी एक काल्पनिक बॉल पाहणे आणि क्यू बॉलचे केंद्र त्याच्या केंद्राकडे पाठवणे, एवढी पद्धत पुष्कळ काळ पुरते. सोबतीला तीन खुणा पाठ असाव्यात : आदळताना क्यू बॉलने ऑब्जेक्ट बॉल अर्धा झाकला गेला तर तो निघण्याचा कोन ३० अंशांचा, पाऊण झाकला गेला तर सुमारे साडेचौदा आणि पाव झाकला गेला तर सुमारे साडेअठ्ठेचाळीस अंश. पातळ (ऑब्जेक्ट बॉलच्या कडेकडे लागणाऱ्या) आणि हळू मारलेल्या शॉटमध्ये दोन बॉलांच्या घर्षणामुळे ऑब्जेक्ट बॉल अपेक्षेपेक्षा थोडा जाड, म्हणजे क्यू बॉलच्या दिशेकडे ओढला जातो. बॉलांवर चॉकचे आणि हाताचे डाग असतील तर हा परिणाम वाढतो. म्हणून पार्लरमध्ये खेळ सुरू करण्यापूर्वी बॉल स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावेत; याला कोणी हरकत घेत नाही आणि तुमचे बरेच ‘विनाकारण’ चुकलेले शॉट यानेच कमी होतील.

साइडचा वापर सध्या पूर्ण बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. साइड लावली की क्यू बॉल आधी टिपच्या उलट बाजूला ढकलला जातो, मग कापडावर वळतो, आणि आदळताना ऑब्जेक्ट बॉललाही थोडे बाजूला फेकतो. त्यात कुशन बॉलच्या मध्यापेक्षा उंच, बॉलच्या व्यासाच्या सुमारे ६३ ते ६४ टक्के उंचीवर असल्यामुळे क्यूची शेपटी नेहमीच थोडी वर राहते, म्हणजे हे वळणे कधीच पूर्ण टळत नाही. ज्याचा क्यू सरळ जात नाही त्याने या तीन अनिश्चिततांची भर घालणे म्हणजे आपली चूक कोणती हे कळण्याचा मार्गच बंद करणे होय.

साइडशिवाय पोझिशन जमत नाही, असा समज पार्लरमध्ये खोलवर रुजला आहे. तो चूक आहे. उभ्या मध्यरेषेवर वर, मध्ये आणि खाली मारून बहुतेक टेबल साफ करता येते. आदळताना क्यू बॉल न फिरता घसरत असेल तर तो ऑब्जेक्ट बॉलच्या मार्गाशी काटकोनात निघतो. तो नैसर्गिकपणे लोळत असेल, आणि पाव ते पाऊण बॉल झाकला जात असेल, तर तो आपल्या मूळ दिशेपासून सुमारे ३० अंशांनी वळतो. तर्जनी आणि मधले बोट फाकवले की साधारण एवढाच कोन होतो, त्यामुळे टेबलावर हात धरून तो पाहता येतो. या दोन रेषा दिसू लागल्या की क्यू बॉल कोठे जाणार, आणि तो पॉकेटमध्ये पडणार आहे का, हे शॉटच्या आधी कळते. बॉलच्या उंचीच्या सात-दशांश जागी मारले की तो पहिल्यापासूनच लोळतो, मध्यावर मारले की आधी घसरतो आणि मग लोळू लागतो.

यातून शिकण्यासारखा पहिला शॉट म्हणजे सरळ पॉट करून क्यू बॉल जागीच थांबवणे. क्यू बॉल आणि ऑब्जेक्ट बॉल यांतील अंतर एक हात ठेवून सुरुवात करावी आणि जमत गेल्यावर अंतर वाढवावे. अंतर वाढले की कापडाच्या घर्षणाने उलटी फिरकी वाटेत झिजते, म्हणून तितकेच अधिक खाली किंवा अधिक जोराने मारावे लागते. हे प्रमाण हाताला कळले की स्क्रू आणि फॉलो (क्यू बॉल पुढे नेणारी फिरकी) दोन्ही आपोआप समजू लागतात. जोरावरचे नियंत्रण वेगळे शिकावे : क्यू बॉल समोरच्या कुशनला लावून परत आपल्या बाजूच्या कुशनजवळ थांबवायचा, मग टेबलाच्या मध्यावर, मग पाऊण अंतरावर. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण पोझिशनमधील निम्म्याहून अधिक चुका दिशेच्या नसून जोराच्या असतात, असे माझे निरीक्षण आहे.

मोठ्या खेळाडूंच्या लांब मालिका पाहतानाही हेच ध्यानात ठेवावे. विली मॉस्कोनी याने १९५४ मध्ये ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे स्ट्रेट पूलमध्ये (कोणताही बॉल कोणत्याही क्रमाने पॉट करता येणाऱ्या प्रकारात) ओळीने ५२६ बॉल पॉट केले. हा आकडा जॉन श्मिट याने २०१९ मध्ये ६२६ बॉल पॉट करून मागे टाकला आणि जेसन शॉ याने २०२२ मध्ये ७१४ पर्यंत नेला. इतक्या लांब मालिकेत अवघड शॉट फार थोडे असतात. क्यू बॉल दरवेळी पुढच्या बॉलजवळ, योग्य बाजूला आणून ठेवला जातो, म्हणूनच त्या इतक्या लांबतात.

सरावाचे तास वाढवण्याआधी त्यांची मोजदाद ठेवावी. कापडावर चिकटवायच्या लहान गोल कागदी खुणा स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. पार्लरच्या मालकाची परवानगी घेऊन त्या दोन-तीन जागी लावाव्यात, म्हणजे तोच शॉट तंतोतंत त्याच जागी पुन्हा मांडता येतो. एक शॉट दहा वेळा खेळून किती पडले ते वहीत लिहावे, चुकलेले बॉल पॉकेटच्या कोणत्या बाजूला लागले तेही लिहावे. डावीउजवीकडे सारखेच चुकत असतील तर स्ट्रोक डळमळीत आहे. नेहमी एकाच बाजूला चुकत असतील तर डोक्याची जागा किंवा उभे राहणे चुकते आहे. दहापैकी आठ-नऊ सलग तीन दिवस पडू लागले की अंतर वाढवावे, त्याआधी नाही. त्यानंतर तीन बॉल टेबलावर कसेही टाकून, क्यू बॉल हातात घेऊन सुरुवात करावी आणि ते साइडशिवाय साफ करण्याचा प्रयत्न करावा. तीन नियमित जमले की चार. दुपारी पार्लर रिकामी असतात आणि तासाचा दरही काही ठिकाणी कमी असतो, ती वेळ यासाठी उत्तम. मित्रांशी पैजेचे फ्रेम खेळणे म्हणजे सराव नव्हे, कारण त्यात तोच शॉट पुन्हा खेळायला मिळत नाही.

साहित्याबद्दल एवढेच की पार्लरचा क्यू निवडताना तो टेबलावर लोळवून पाहण्यापेक्षा एका डोळ्याने शेंड्यापर्यंत निरखून पाहावा आणि फिरवावा. टिप सपाट झालेली नसावी. तिची गोलाई सध्याच्या एक रुपयाच्या नाण्याच्या कडेशी जुळली तर ठीक आहे. स्वतःचा क्यू घ्यायचाच असेल तर साधारण १९ औंसांचा, सरळ आणि टिप बदलता येणारा साधा क्यू घ्यावा आणि मग तोच वापरावा. फायदा किमतीचा नसतो, रोज तेच वजन आणि तीच टिप हातात असण्याचा असतो. माळव्यात उन्हाळ्यात कोरडे कापड वेगाने धावते आणि आषाढ-श्रावणात दमट हवेने तेच टेबल जड होते. खेळ सुरू करताना दोन-चार बॉल टेबलाच्या लांबीत लोळवून त्या दिवसाचा वेग हाताला कळू द्यावा, नाहीतर पहिले दोन फ्रेम अंदाजातच जातात.

आणखी एक गोष्ट आजच करता येईल. मोबाइल तुमच्यामागे, शॉटच्या रेषेत, कमरेच्या उंचीवर ठेवून सरळ शॉटचे चित्रीकरण करावे. कोपर, क्यू आणि डोके एका उभ्या पातळीत आहेत का, मागे जाताना क्यूची शेपटी बाहेर जाते का आणि टिप लागण्याच्या आधीच डोके उचलले जाते का, हे तीन प्रश्न विचारून ते पाहावे, आणि एका वेळी एकच दुरुस्ती हाती घ्यावी. सहा-आठ आठवड्यांनी वहीतील आकडे सुधारले नाहीत, आणि बॉल सतत एकाच बाजूला चुकत असतील, तर एखाद्या जाणत्या स्नूकर प्रशिक्षकाकडे जाऊन फक्त डोक्याची आणि डोळ्यांची जागा तपासून घ्यावी; ती गोष्ट स्वतःची स्वतःला दिसणे फार कठीण असते.